थोरलीनं तागा पाहिला होता

दुकानांतून प्लास्टिकच्या पातळ पिशव्या बंद होणार, ही बातमी पहिल्यांदा कानावर आली तेव्हा थोरली हसली होती. अशा बातम्या तिनं याआधीही दोनदा ऐकल्या होत्या. दोन्ही वेळा चार दिवस धाकधूक झाली, आठवडाभर लोक घरून पिशव्या घेऊन बाजारात आले आणि मग जो तो विसरून गेला. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं पिशव्यांचं दुकान होतं. पांढऱ्या, काळ्या, बंदांच्या, बिनबंदांच्या, दुकानाचं नाव छापलेल्या. भाजीवाल्यापासून बूटवाल्यापर्यंत अख्खा बाजार त्यांच्याकडून पिशव्या नेत असे. बावीस वर्षं झाली होती.

दुकान नावाला नवऱ्याचं. तो माल आणायचा, पोचवायचा, आणि गल्ल्यावर बसायची वेळ आली की घड्याळाकडे बघत बसायचा. मालाची पारख मात्र थोरलीची. पिशवी चिमटीत धरून एकदा चोळली की ती किती जाड आहे हे ती सांगे, आणि यंत्रावर मोजलं की आकडा तोच निघे. जुनं प्लास्टिक वितळवून केलेला माल असेल, तर तिला डोळे मिटूनही कळे. कारखान्यांचे विक्रेते तिला टरकून असत. "वहिनी आहेत का दुकानात?" असं आधी विचारून घेत, आणि ती नसेल तेव्हाच हलका माल गळ्यात मारायला बघत.

पण या खेपेला कायदा टिकला. पहिल्याच आठवड्यात पालिकेची माणसं बाजारात फिरली. फळवाल्याला दोनदा दंड झाला, औषधाच्या दुकानातल्या पिशव्यांची पोती उचलून नेली. काय चालणार आणि काय नाही, याचा एक छापील कागद प्रत्येक दुकानावर चिकटवला गेला. थोरलीनं तो इतक्यांदा वाचला की तिला तो पाठ झाला. कुठेतरी पळवाट असेल, एखाद्या ओळीत आपला माल बसेल, या आशेनं ती वाचत होती. बसला नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी दुकान मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला भाड्यानं दिलं आणि थोरली, एवढी वर्षं सकाळी नऊला बाहेर पडणारी बाई, घरी बसली.

घर दुमजली. वर थोरली आणि तिचा नवरा, खाली धाकटा दीर, धाकटी जाऊ आणि सासूबाई. दीर बस चालवायचा, पहाटे जायचा आणि दुपारी येऊन झोपायचा. धाकटी लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली होती. चणीनं बारीक, बोलायला कमी. रस्त्याकडच्या खिडकीशी शिलाई मशीन टाकून ती लोकांच्या पॅण्टींची उंची कमी करून द्यायची, चेन बदलून द्यायची. थोरली तिच्याशी कधी वाईट वागली नव्हती. दुकानातल्या गिऱ्हाइकांना ती आवर्जून सांगायची, "कपड्याचं काही काम असेल तर आमच्या धाकटीकडे द्या हो, बिचारी घरी बसून करते." धाकटीचा विषय निघाला की 'बिचारी' हा शब्द हमखास तिच्या तोंडी यायचा. त्या शब्दाची आपल्याला किती गोडी होती, हे तिला तो वापरता येईनासा झाल्यावर कळलं.

झालं असं, की पाव विकणाऱ्या बेकरीवाल्या बाई चेन बदलायला आल्या आणि पिशव्यांचं रडगाणं गाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी धाकटीनं पडद्याच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून त्यांना दिली. तळ सपाट, म्हणजे पाव चेपत नाही. बंद वरच्या काठाला नुसते अडकवलेले नव्हते, तळापर्यंत खाली नेऊन शिवले होते, म्हणजे वजनानं उसवत नाहीत. बेकरीवाल्या बाईंनी पन्नास मागितल्या. मग औषधाच्या दुकानानं, मग पुस्तकवाल्यानं. महिन्याभरात धाकटीच्या खिडकीत पाटी लागली आणि दाराची बेल दिवसभर वाजू लागली. काही लोक चुकून जिना चढून वर यायचे.

"पिशव्यावाल्या बाई इथेच का?"

"खाली," थोरली म्हणायची. बावीस वर्षं पिशव्यावाल्या बाई म्हणून लोक तिलाच ओळखत होते.

एका दुपारी वर्तमानपत्राची मुलगी आली, धाकटीचा मशीनवरचा फोटो काढून गेली. तो छापून आला तेव्हा सासूबाईंनी कातरीनं कापून कपाटाच्या दारावर डकवला. त्या कपाटावर आजवर कधी कुणाचा फोटो लागला नव्हता. गुडघ्यांमुळे खुर्चीतून न उठणाऱ्या सासूबाई आता विणायच्या सुईनं पिशव्यांचे बंद उलटे करून द्यायच्या, आणि थोरली खाली आली की म्हणायच्या, "आज साठ केले."

हे सगळं एक वेळ तिनं गिळलं असतं. नवऱ्याचं मात्र तिला गिळवेना. दुकान गेल्यावर तो आठ दिवस पलंगावर पडून होता. नवव्या दिवशी तो सहज खाली गेला, धाकटीला एक अवजड तागा उचलून दिला, आणि तेव्हापासून जेवणापुरताच वर यायचा. तो कापड बेतायचा. कापड कमी वाया जावं म्हणून त्यानं पुठ्ठ्याचे साचे करून घेतले होते. स्वेटरवर दोऱ्याचे तुकडे घेऊन तो जेवायला बसायचा आणि घास हातात तसाच धरून बोलत राहायचा.

"आज मी तिला म्हटलं, आत एक छोटा खिसा दे, किल्ल्यांसाठी. तिनं लगेच लावून बघितला. तिला सांगायचा अवकाश, झालंच समज."

"कंटाळा येत नाही दिवसभर कापायचा?"

"अगं, वेळ कसा जातो कळतच नाही."

थोरलीनं भांडी जरा जोरात उचलली. तिच्या शेजारी हा माणूस बावीस वर्षं बसला होता आणि एक दिवसही त्याला वेळेचा विसर पडला नव्हता. त्याच्या आणि धाकटीच्या मध्ये तसलं काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. असतं तर निदान भांडता आलं असतं. नवरा खाली कातरी चालवताना सुखी होता, एवढंच होतं, आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची?

तिला कुणी बोलावलंच नाही, असंही नव्हतं. सुरुवातीलाच एकदा धाकटी जिना चढून वर आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्ही याल का मदतीला? बाजारात सगळे तुम्हाला ओळखतात."

"मला कुठे शिवता येतं," थोरली म्हणाली होती.

आणि मग ती वाट बघत बसली. आणखी एकदा कुणी विचारलं असतं तर ती गेली असती. चप्पल घालायलाही थांबली नसती. पण धाकटीनं तिचं उत्तर खरं मानलं आणि पुन्हा विचारलं नाही.

अशात मोठ्या दुकानाची मागणी आली. हे दुकान तीन मजल्यांचं, किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. तिथल्या मालकीणबाईंना तीन आठवड्यांत चारशे पिशव्या हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या, हिरव्या. नेमका त्याच वेळी थोरलीचा नवरा लेकीकडे गेला. ती दुसऱ्या गावी शिकत होती, खोली बदलायची होती, सामान हलवायला बाप हवा होता. धाकटी एकटी पडली. त्यातून सगळं गाव पिशव्या शिवायला लागलेलं, कापडवाल्यांकडचं जाड सुती कापड संपलेलं. तिनं चार दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आली.

दोन दिवसांनी थोरली सासूबाईंच्या गोळ्या द्यायला खाली गेली, तर टेबलावर पानासारख्या हिरव्या रंगाचा तागा पसरलेला, आणि भिंतीशी तसलेच पाच उभे. धाकटी तोंडात टाचण्या धरून साचा मांडत होती.

थोरलीचा हात आपण होऊन पुढे गेला. चिमटीत धरलं, एकदा चोळलं. दुसऱ्यांदा चोळायची गरज नव्हती. ते कापड नव्हतं. प्लास्टिकचे तंतू दाबून केलेला, कापडाचं सोंग आणलेला माल होता तो. दिसायला मऊ, धुतला तर चार धुण्यांत भुगा. त्या छापील कागदाच्या तिसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं, चालणार नाही असल्या मालात.

"कुठून आणलंस?"

धाकटीनं टाचण्या काढल्या. "एक टेम्पोवाला आला होता. नवीन निघालंय म्हणाला, कायद्यात बसतं. कागदही दाखवला त्यानं." एवढं बोलून ती थोरलीच्या हाताकडे बघत राहिली.

"रंग छान आहे," थोरली म्हणाली. गोळ्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या आणि ती वर निघून आली.

पलंगावर बसून तिनं स्वतःची समजूत घातली. मला कुणी विचारलंय का? माझा काय संबंध? एवढी फोटो छापून आलेली बाई, तिला कळायला नको? शेवटी असंही म्हटलं, की उद्या सांगू. खालून मशीनचा आवाज सुरू झाला आणि अंधार पडेपर्यंत चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर साठ-सत्तर पिशव्या झाल्या होत्या, आदल्या दिवशी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी त्याहून अवघड. पाचव्या दिवशी तर तिनं खाली जाणंच टाळलं. नवरा परत आला तोवर खोकी बांधून तयार होती. वरची एक पिशवी उचलून तो म्हणाला, "झकास दिसतात," आणि रिक्षा आणायला गेला. पारख त्याची कधीच नव्हती.

पिशव्या पोचल्यावर थोरलीचा पाय घरात ठरेना. मोठ्या दुकानात तिचं काही काम नसायचं, पण ती दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली ती एका मंगळवारी सकाळी, साबण घ्यायला. पैसे द्यायच्या रांगेत तिच्या पुढे तिघंजण होते आणि काउंटरवर हिरव्या पिशव्या टांगलेल्या. तेवढ्यात पालिकेचा निरीक्षक आला. वयस्कर, शांत माणूस. त्यानं एक पिशवी काढून घेतली, बोटांनी चाचपली, कोपरा कापला आणि तो चिमट्यात धरून काडी लावली. कापड जळतं तेव्हा राख होते. हा कोपरा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा थेंब फरशीवर पडला. रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरली.

थोरलीला बरं वाटलं. हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं, तेव्हा त्यात काही कमी-जास्त केलं नाही. काडी जळत होती तेवढा वेळ तिला फार बरं वाटलं. मग काउंटरवरची मुलगी घाबरून मालकीणबाईंना फोन करू लागली, निरीक्षक पिशव्या मोजू लागला, मागे कुणीतरी म्हणालं, "पेपरात फोटो आला होता तीच ना ही? लबाडच निघाली." लबाड हा शब्द थोरलीच्या कानावर पडला. साबण तिथेच ठेवून ती बाहेर आली.

घरी पोचेपर्यंत बातमी पोचलेली होती. धाकटी मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. सासूबाई खुर्चीत. नवरा हिरव्या तुकड्याकडे बघत उभा.

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "सगळा जन्म याच मालात गेला." मग त्यानं मान वर केली. "तुला दिसला होता का गं हा तागा?"

थोरलीच्या आधी धाकटीच बोलली. "ताईंनी हात लावून बघितला होता." तिच्या आवाजात आरोप नव्हता. "मला भीतीच वाटत होती त्या टेम्पोवाल्याची. पण ताई काही बोलल्या नाहीत, म्हणून मी निर्धास्त कापायला घेतलं. म्हटलं, खोटं असतं तर ताईंच्या बोटांना कळलं असतं."

थोरलीला एवढंच म्हणून सुटता आलं असतं, की मला नाही कळलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. वय झालं, सवय मोडली, म्हणून मोकळे झाले असते. ते वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलं. पण आपली बोटं चुकली असं स्वतःच्या तोंडानं म्हणणं तिच्याच्यानं होईना. तिच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"आणि?" नवरा म्हणाला.

"आणि मी बोलले नाही."

"का?"

तिनं धाकटीकडे बघितलं. "सगळे तुझ्याकडे यायला लागले म्हणून. आई, हे, बाजारातली माणसं. मला बघवत नव्हतं."

धाकटीनं मांडीवरचे हात उचलून मशीनवर ठेवले. मग म्हणाली, "मी आले होते तुम्हाला बोलवायला."

"एकदाच आलीस."

"किती वेळा यायचं होतं?"

धाकटी उठली, मशीनवर कापड झाकलं आणि आतल्या खोलीत गेली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. नवरा वर आला, पण जेवताना एक अक्षर बोलला नाही, आणि थोरलीनंही त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच मोठ्या दुकानात गेली. मालकीणबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत त्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

"चूक धाकटीची नाही," थोरली म्हणाली. "ती फसली. मला माल बघताच कळलं होतं आणि मी तोंड बंद ठेवलं. दंड मी देते."

"दंड भरून झाला," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या दारात पिशवी पेटवून दाखवली, चाळीस माणसांसमोर. ते कसं भरून देणार तुम्ही?"

थोरली रात्रभर याचाच विचार करत होती. "जेवढ्या हिरव्या पिशव्या लोकांच्या घरी गेल्यात, तेवढ्या परत घेते. बदल्यात खऱ्या सुती देते. तुमच्या दारात मी स्वतः उभी राहते."

"सकाळी उघडल्यापासून?"

"बंद होईपर्यंत."

मालकीणबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "आठवडाभर," त्या म्हणाल्या. "टेबल मी देते. बसायला खुर्ची मिळणार नाही."

तिथून थोरली थेट कापडबाजारात गेली. सहा दुकानं धुंडाळून, प्रत्येक तागा चोळून, एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर तिला जाड सुती कापड सापडलं. ते घेऊन ती घरी आली आणि धाकटीच्या टेबलावर ठेवलं. काय ठरलं ते सांगितलं. धाकटीनं ऐकून घेतलं, हो-नाही काही न म्हणता मशीनवरचं झाकण काढलं. नवऱ्यानं साचे मांडले.

मग आठ दिवस थोरली मोठ्या दुकानाच्या दारात उभी होती. अख्खा बाजार तिच्यासमोरून जात होता. फळवाला थांबून म्हणाला, "वहिनी, आता उलटा धंदा सुरू केलात का? द्यायच्या त्या परत घेताय." ती हसली नाही आणि रागावलीही नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची: पिशवी शिवणारी फसवली गेली, लबाडी तिची नव्हती. पहिले दोन दिवस फार कमी लोक आले. मग येऊ लागले. काहींनी हिरव्या पिशवीत कांदे भरून आणले होते, ते दारातच नव्या पिशवीत ओतून दिले. तिच्या पोटऱ्या दुखून यायच्या. नवरा दुपारी ताज्या पिशव्यांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवायचा. चौथ्या दिवशी त्यानं पाण्याची बाटलीही आणली.

सहाव्या दिवशी एक बाई नवी पिशवी उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "काय सुरेख शिवलंय हो. कुणाचं काम हे?"

"माझ्या धाकट्या जावेचं."

"नशीबवान आहात. असा हात घरात आहे."

आणि थोरलीच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली, जशीच्या तशी. आपलं मन साफ झालं असेल, अशी तिची समजूत होती. नव्हतं झालं. कळ येऊन गेली, ती उभी राहिली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

धाकटीचा राग कधी गेला, की गेलाच नाही, हे थोरलीला कळलं नाही. मोठ्या दुकानानं पुन्हा मागणी द्यायला सहा महिने लावले. तोवर थोरली रोज सकाळी खाली जायला लागली होती. कापड आणणं आणि दुकानदारांशी बोलणं तिच्याकडे आलं, कुणी ठरवून दिलं नव्हतं. दोघींचं बोलणं कामापुरतं चाले. सासूबाई मात्र हळूहळू पूर्वीसारख्या बोलू लागल्या.

एकदा धाकटी दोन दिवस तापानं पडली. पुस्तकवाल्याच्या पिशव्या द्यायच्या होत्या, म्हणून थोरली मशीनवर बसली. पायडल दाबलं की कापड सुसाट पळायचं, थांबवावं तर दोरा तुटायचा. अर्ध्या दिवसात कशीबशी एक पिशवी झाली. एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. तिसऱ्या दिवशी धाकटी शाल गुंडाळून बाहेर आली, ती पिशवी हातात घेऊन तिनं दोन्ही बंद शेजारी शेजारी धरले, आणि बघत राहिली. थोरली मशीनपुढेच बसून होती.

"कापड ओढता तुम्ही," धाकटी म्हणाली. "ओढायचं नाही. सरका जरा." ती स्टुलाच्या टोकावर थोरलीच्या शेजारी टेकली आणि तिचे दोन्ही हात मनगटाशी धरून कापडावर ठेवले. धाकटीचे तळवे अजून तापानं गरम होते. "आता हळू दाबा."

टीप वाकडीच गेली. धाकटीनं ती उसवली आणि पुन्हा कापड लावून दिलं. ती पहिली पिशवी त्यांनी कुणाला दिली नाही. मशीनशेजारच्या खिळ्याला ती अडकवली, कापडाचे तुकडे टाकायला.